आठ नळ्या

"कमल, तुझ्या तिळगुळाला यंदा पेट्रोलचा वास आहे हं!" शशिकला म्हणाली, आणि लाडू वळणाऱ्या सगळ्याजणी हसल्या.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. भोपाळच्या पिपलानी भागातल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहाजणी पाकाची परात मध्ये घेऊन बसलो होतो. व्हरांड्याला लागून पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली आमची पांढरी मारुती. शशिकलेचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण वास होता हे खरं. दोन महिन्यांपासून होता. येत्या शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पन्नास बायका यायच्या, आणि दारातली समई गाडीपासून चार हातांवर तेवत राहायची. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

आमचे हे, म्हणजे नीळकंठ खांबेटे, कारखान्यात फोरमन होते. सहासष्ट साली मिरजेहून दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह घेऊन आम्ही भोपाळला आलो, तेव्हापासून एकाच शॉपमध्ये, म्हणजे यंत्रजुळणीच्या विभागात. त्यांची एक ख्याती होती. मोठं यंत्र जुळवताना बाकीचे लोक हातात कागद धरून उभे राहत. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, किती ताणायचा, सगळं त्या कागदावर लिहिलेलं असे. यांना कागद लागत नसे. "खांबेटेसाहेबांच्या डोक्यात यादी छापलीय," असं लोक म्हणत. असं कानावर आलं की हे त्या दिवशी जेवताना एक पोळी जास्त घेत.

गाडीचंही तसंच होतं. सत्याऐंशी साली गाडी घेतल्यापासून तिच्या इंजिनाला यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं सोडून, पुसून परत लावत. त्या इंजिनावर काळ्या बारीक रबरी नळ्यांचं जाळं असतं. मी एकदा विचारलं होतं, की या शिरा कशाला?

"इंजिन हवा ओढून घेतं," हे म्हणाले होते. "त्या ओढीवर बाकीची बारीकसारीक कामं चालतात. तू नळीने उसाचा रस पितेस ना, त्या नळीला चीर पडली तर काय होईल?"

"फुसफुस होईल, रस यायचा नाही."

"बस. इंजिनाचंही तेच."

मग त्यांनी रबराचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानात धरलं आणि दुसरं टोक त्या नळ्यांवरून फिरवत राहिले, डॉक्टरसारखे. कुठे फुसफुस ऐकू येते ते शोधत होते. मला ते फार आवडायचं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर मात्र गाडी बिघडली. चालू करून उभी केली की थरथरायची, थंडी भरलेल्या माणसासारखी. पेट्रोलचा वासही तेव्हाच सुरू झाला. "नळ्या म्हाताऱ्या झाल्यात," हे म्हणाले. पण बदलल्या नाहीत. गाडी घराबाहेर काढणं बंद केलं आणि सायकलने कारखान्यात जायला लागले. डिसेंबरात एका रविवारी माझ्याकडे आले.

"आठ रंगांच्या चिंध्या दे. प्रत्येक रंगाच्या दोन."

"गाडीला खण देताय की काय ओटीत?"

"खुणेला हव्यात. नळीला एक, आणि ती नळी जिथे बसते त्या जागेला एक."

"तुम्हाला कधीपासून खुणा लागायला लागल्या?"

"रबराचं वय झालंय," एवढंच म्हणाले.

मी शिवणाच्या डब्यातून चिंध्या काढून दिल्या. अंजिरी इरकलीच्या काठाची, उदयच्या झबल्यातली पिवळी, माझ्या पोपटी पोलक्याची. प्रत्येक चिंधी कशातली ते मला आजही सांगता येईल. त्या कुठल्या नळीला बांधल्या ते मला कधीच कळलं नाही.

मग रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला कारखान्यातून आले की चहा घेऊन थेट गाडीपाशी. बॉनेट उघडायचं, आठही नळ्या काढायच्या, परत लावायच्या, खाली वाकून बॅटरीने काहीतरी बघायचं. पाच मिनिटं इंजिन चालू, मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, निवृत्तीला नऊ महिने राहिले आहेत, माणूस आतापासून वेळ घालवायची सवय करतोय. उदय तेव्हा पुण्याला शिकत होता. त्याला मी पत्रात लिहिलंसुद्धा, की तुझे बाबा गाडीची रोज वेणीफणी करतात.

शुक्रवार जवळ आला तसा मी धीर केला. बुधवारी हे कामावर असताना रईस मियाँला बोलावलं. सोनागिरीच्या तिराह्यावर, म्हणजे तिठ्यावर, त्याचं गॅरेज होतं. हात सोन्याचा, तोंड अखंड चालू. यांना तो 'खम्बाटे साहब' म्हणायचा आणि हे त्याला दरवेळी सुधारायचे.

माझं हिंदी तीस वर्षांनंतरही मराठीच होतं. मी त्याला म्हटलं, "रईस मियाँ, गाडी के पाइप गल रहे हैं. दो महिने से गल रहे हैं."

"गल रहे हैं?" त्याने डोकं आत घातलं. एक नळी चिमटीत दाबली तर तिचा तुकडाच हातात आला. "वाह भाभी, आपने तो बिना खोले पहचान लिया! सब के सब गल गए. बदलना पड़ेंगे."

"जो करना है करो. शुक्रवार को मेरे घर दिये जलेंगे."

तो गॅरेजवर जाऊन नव्या रबराचं वेटोळं घेऊन आला. मापं घेत, तुकडे कापत दोन तास खपला. मी मधे चहा नेऊन दिला. जुन्या नळ्यांचा ढीग खाली पडला होता आणि त्यात माझ्या चिंध्या दिसत होत्या.

"इंजन में चिंदियाँ कौन बाँधता है भाभी? गरम हो के आग पकड़ लेतीं." त्याने सगळं एका पोत्यात भरलं आणि स्कूटरला अडकवलं. मग मान तिरकी करून म्हणाला, "एक बात समझ नहीं आई. दो पाइप अदल-बदल लगे थे. इसका मुँह उसमें, उसका इसमें. इसी से तो काँप रही थी. साहब के हाथ का काम ऐसा नहीं होता. किसी और ने हाथ लगाया?"

"नहीं तो," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे विसरले. माझं लक्ष जमिनीकडे होतं. त्याने इंजिन चालू करून दाखवलं, ते शिवणाच्या मशीनसारखं सुरेख चाललं होतं, पण गाडीखाली फरशीवर पुन्हा एक ओला ठिपका पडला होता.

"मियाँ, अभी भी गल रहा है."

"अब कैसे गलेगा? बिलकुल नया रबर है!"

"ये देखो ना, गल रहा है." मी बोट दाखवलं.

रईस खाली वाकला, ठिपक्याला बोट लावून हुंगलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे भाभी, ये तो टपक रहा है!"

"वही तो कब से कह रही हूँ!"

मराठीत नळ गळतो, छप्पर गळतं. हिंदीत गलतं ते सडतं, विरघळतं. तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. रईस इतका हसला की त्याला ठसका लागला. "कल आ के देखता हूँ कहाँ से टपकता है," म्हणून निघून गेला. मीही हसत हसत समया घासायला घेतल्या.

हे साडेपाचला आले. सायकल लावली, चहा उभ्यानेच घेतला आणि बॉनेट उघडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते.  मग हाक आली.

"कमल, माझ्या खुणा कुठायत?"

मी हात पुसत बाहेर गेले आणि सगळं सांगितलं. गळणं आणि गलनं, रईसचा ठसका, सगळं. मला वाटलं होतं ते हसतील. ते पायरीवर बसले.

"तुमच्या हातची गाडी दुसऱ्याने उघडली म्हणून रागावलात का?"

"नाही गं." थोडा वेळ बोटांनी फरशी पुसत राहिले. "बस इथे. तुला सांगायचंच होतं, पण सोमवार झाल्यावर सांगणार होतो."

मग त्यांनी सांगितलं. नोव्हेंबरात एके दिवशी शॉपमध्ये अर्धवट जुळवलेल्या यंत्रासमोर ते उभे होते, हातात पाना होता, आणि पुढे काय ते त्यांना आठवेना. "कोरं," ते म्हणाले. "पाटी पुसल्यासारखं." त्यांच्या हाताखालचा काशिनाथ हळूच म्हणाला, साहेब, आता डावीकडचा ना? आणि वेळ निभावली. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. येत्या सोमवारी एका मोठ्या रोटरची चाचणी होती. तो नेहमीपेक्षा जास्त वेगात फिरवून बघतात. जुळणी यांच्या हुकमाखाली व्हायची. एक बोल्ट चुकला तर जवळ उभ्या असलेल्या माणसांचं काय होईल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"म्हणून मी ठरवलं," ते म्हणाले. "आठ नळ्या. डोकं शाबूत असेल तर आठ नळ्यांच्या जागा राहतील त्यात. जागेवरच्या चिंध्या मी खालच्या बाजूला बांधल्या, लावताना दिसू नयेत अशा. आधी आठवून लावायचं, मग वाकून रंग जुळतो का बघायचं. आठही जमल्या तर सोमवारी उभं राहायचं. नाही जमल्या तर साहेबांना जाऊन सांगायचं, की माझ्याच्याने होत नाही."

"मग?"

"आधी चार जमायच्या. ख्रिसमसला सहा. गेल्या आठवड्यात सात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल आठ, कमल. आठच्या आठ. परवाही आठ."

तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात मी यांचा चेहरा तसा फार वेळा बघितला नव्हता. उदय झाला तेव्हा बघितला होता.

"आता रईसने फेकल्या तरी काही बिघडत नाही," ते उठत म्हणाले. "त्यांचं काम झालं. मी उगाच घाबरलो होतो. वयाने होतं थोडंफार. सोमवारी मी उभा राहतोय."

मी जागची हलले नाही. रईसचं बोलणं मला आत्ता ऐकू आलं. इसका मुँह उसमें, उसका इसमें.

खुणाच चुकल्या होत्या. दिवाळीत यांनी नळ्या काढून परत लावल्या तेव्हाच दोन उलटसुलट बसल्या, गाडी थरथरायला लागली ती त्यामुळे. आणि डिसेंबरात चिंध्या बांधल्या, त्या चुकलेल्या जागाच बरोबर धरून. महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी चूक पाठ करत होता आणि काल ती त्याला पूर्ण पाठ झाली होती.

यांनी गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन शांत चालू लागलं. ते बाहेर आले, कान देऊन उभे राहिले.

"थरथर गेली की."

"नळ्या नव्या आहेत ना," मी म्हटलं. "जुन्या सगळ्या सडल्या होत्या म्हणाला."

"हं. तेच असणार." ते मान डोलवत ऐकत होते. "तरी मी म्हणत होतो, रबराचं वय झालंय."

त्यांनी ते मानलं होतं. मी तिथेच गप्प बसले असते तर तो विषय संपला असता. ते हात धुवायला निघाले, आणि शिट्टी वाजवत निघाले, हे मला अजून आठवतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र काशिनाथची बायको आली, कल्पना. मार्गशीर्षात लग्न झालेलं. शुक्रवारी ती पहिल्यांदा हळदीकुंकवाला येणार होती, आणि मी तिच्या कपाळाला कुंकू लावणार होते. सोमवारी काशिनाथ यांच्या शेजारी, त्या रोटरपाशी उभा असणार होता.

"अहो," मी हाक मारली.

"काय गं?"

"रईस आणखी एक म्हणाला."

शिट्टी थांबली. मी सांगितलं. दोन नळ्या अदलाबदल होत्या, थरथर त्यामुळे होती, एवढंच. बाकीचं मला सांगावं लागलं नाही. ते बॉनेटपाशी परत आले, बॅटरी घेतली, एकेका नळीवरून बोट फिरवत गेले. दोन ठिकाणी बोट थांबलं. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबलं.

"म्हणजे दिवाळीपासून," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"ठीक आहे. बरं झालं सांगितलंस." आवाज अगदी नेहमीचा होता. त्यांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं आता आत येतील, पण बाह्या सरकवून ते पुन्हा वाकले आणि खाली, काही दिसत नाही अशा ठिकाणी हात घातला. डोळे मिटलेले. बोटं आत चाचपडत होती. क्षणभराने हात बाहेर काढला, बोट हुंगलं आणि माझ्या नाकाजवळ धरलं.

"पेट्रोलचा पंप. आतला पडदा फाटलाय. नळ्या गळतच नव्हत्या. उद्या रईसला सांग, पडदा आणून टाक म्हणावं, वीस मिनिटांचं काम आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला कळतं अजून," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मोरीवर पाणी बराच वेळ वाहत होतं.

रईसने गुरुवारी पडदा बदलला. वास गेला. शुक्रवारी माझं हळदीकुंकू थाटात झालं. शशिकला नाक वर करून हुंगत म्हणाली, "अगंबाई, आज चुकल्याचुकल्यासारखं होतंय!" कल्पना हिरवी पैठणी नेसून आली होती. मी तिला कुंकू लावलं, वाण दिलं, आणि तिने वाकून नमस्कार केला तेव्हा मला काय आशीर्वाद द्यावा ते सुचेना. "सुखी राहा," म्हटलं.

सोमवारी हे नेहमीपेक्षा लवकर निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा सायकलच्या कॅरियरला वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा पाना होता. मिरजेहून आणलेला, स्वतःचा. तो कधी घरी आला नव्हता.

"साहेबांना काय सांगितलंत?"

"म्हटलं, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, काशिनाथला उभं राहू दे. शिकेल. मला स्टोअरमध्ये बसवा."

"आणि खरं?"

"खरं तेही आहेच की."

चाचणी नीट पार पडली. त्या रात्री काशिनाथ आणि कल्पना पेढे घेऊन आले. "काकू, एवढा मान कोण सोडतं हो हल्ली? साहेबांनी माझ्यासाठी सोडला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. हे शेजारी बसून पेढा खात होते. टाउनशिपमध्ये सगळीकडे तेच झालं, खांबेट्यांचं मन मोठं. मी कुणालाही खरं सांगितलं नाही. आज हे लिहितेय ते पहिल्यांदा.

त्यानंतर हे नऊ वर्षं होते. क्वार्टर सोडून आम्ही सोनागिरीला छोटं घर घेतलं. यांच्या आठवणीतून आधी रस्ते गेले, मग माणसं गेली, मग उदय कोण ते गेलं. मी बरीच वर्षं राहिले, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. रईस मियाँ महिन्यातून एकदा गाडी चालू करायला यायचा. फाटकातूनच ओरडायचा, "भाभी, कुछ गल तो नहीं रहा?" तो त्याचा ठरलेला विनोद होता, आणि मीही ठरलेलं उत्तर द्यायचे, "नहीं मियाँ, सब ठीक है." यांना तो गाडीपाशी खुर्चीवर बसवायचा आणि रबराचा तुकडा हातात द्यायचा. हे तो कानाला लावून इंजिन ऐकत बसायचे. काय ऐकू यायचं कोण जाणे. पण तेवढा वेळ शांत असायचे.

मी अजूनही अधूनमधून तो बुधवार मनात उलगडून बघते. चाचणी तर नीटच पार पडली. कदाचित यांच्या हातूनही पार पडली असती. कदाचित त्यांना ती आठ नळ्यांची खुशी निदान निवृत्तीपर्यंत पुरली असती. पण मग कल्पनाचा वाकलेला माथा दिसतो, आणि मी तो विचार तिथेच सोडते.

हे गेले त्यानंतर चौदाव्या दिवशी रईस गाडी न्यायला आला. उदयने सांगून ठेवलं होतं, आता ठेवून काय करायची. रईसने बॉनेट उघडलं, सगळ्या नळ्या एकेक करून चाचपल्या, बंद केलं. फाटकाबाहेर गाडी काढली, उतरून परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

मी माझं ठरलेलं उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने त्या दिवशी विचारलं नाही.